कान्हूने कालवलेली भिंत

पेणच्या खाडीकाठच्या गावातला कान्हू पेंटर तीस वर्षं लोकांच्या भिंतींवरचं शेवाळ खरवडत आला होता. त्यामुळे रोह्याच्या नमितावहिनींनी मोबाईल पुढे धरून "हॉलला हा रंग हवाय, डीप ऑलिव्ह," असं सांगितलं, तेव्हा त्याला आपला जन्म फुकट गेल्यासारखं वाटलं.

"हा तर शेवाळी," तो म्हणाला.

"शेवाळी नाही हो काका. ऑलिव्ह."

"तेचं झाड कसं असतं?"

ते वहिनींनीही पाहिलं नव्हतं. पण फ्लॅट नवा होता, नवरा प्रवीण डोलवीच्या कंपनीत कायम झाला होता, आणि क्रीम रंगाच्या हॉलमध्ये आता शहाणी माणसं बसत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं.

कान्हूच्या हाताला एक गुण होता. रंग एकदा नजरेखालून गेला की तो बादलीत हुबेहूब कालवून द्यायचा. एका हट्टी म्हाताऱ्याला त्याने पिकल्या पपईच्या रंगाचा ओटा करून दिला होता. इथेही त्याने रंग हातानेच कालवून देतो असं सुचवलं. वहिनींना हसू आलं. "अंदाजपंचे नको. मशीनमधून काढलेला, नंबरचा रंग हवा. कंप्युटर चुकत नाही."

चुकला नाहीच, रंग फक्त कमी पडला. तीन भिंतींत डबे संपले आणि सोफ्यामागची सगळ्यात मोठी भिंत कोरी राहिली. वहिनी दोन दिवस माहेरी गेलेल्या. कान्हूने त्याच दुकानातून त्याच नंबरचा डबा आणला, पट्टा मारला, सुकू दिला.

वहिनींच्या सासूबाई, ठमाबाई, दारात उभ्या होत्या. "कान्हू, ह्यो येगळाच दिसतोय रे."

"व्हय मावशी. नंबर तोच हाय, पण रंगाला कुणी सांगितलं नाय."

मग त्याने बादली घेतली. पिवळ्यात काळा, जरासा हिरवा, नखाएवढा लाल. पट्टा मारायचा, पंखा लावून सुकवायचा, लांबून बघायचा, पुन्हा कालवायचं. जेवायची आठवण ठमाबाईंनी दोनदा करून दिली. सातव्या पट्ट्याला रंग जुळला. संध्याकाळपर्यंत भिंत झाली, आणि कोपऱ्यातला सांधा खुद्द कान्हूला सापडेना. खूप वर्षांनी त्याला आपल्या कामाचा राग आला नाही.

वहिनी परतल्या त्या वरच्या मजल्यावरच्या मनालीला घेऊनच. तिला त्यांनी नेमकं त्याच भिंतीसमोर उभं केलं. "बघ, मशीनची शेड. आपल्याकडच्या पेंटरना हे जमणारच नाही."

कान्हू खाली बसून फरशीवरचे डाग पुसत होता. तो पुसतच राहिला. ठमाबाईंना मात्र राहवेना.

"ती भिंत ह्यानंच बादलीत कालवलीय गो. तुझा मशीनचा डबा गॅलरीत पडलाय."

आता भिंत खरवडायला सांगणार, असं धरून कान्हूने फडकं पिळलं. वहिनींनी भिंतीवरून बोटं फिरवली. "म्हणजे हँडमेड?"

त्या दिवसापासून मशीनचं नाव कुणी काढलं नाही. पंधरवड्यात ती भिंत 'अस्सल कोकणी हँडमेड शेड' म्हणून सोसायटीभर गाजली. त्यात कान्हूचं नाव कुठे नव्हतं, पण इतकी अपेक्षा त्यानेही ठेवली नव्हती.

लगेच मनालीनेही त्याला बोलावलं. "मला नंबर नकोच. तुम्ही कालवा, मी व्हिडिओ काढते."

कान्हू इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मोबाईल समोर आला आणि हात बिघडला; दोन बादल्या वाया गेल्या. शेवटी त्याने मनालीला चहा टाकायला आत पिटाळलं आणि तिसरी बादली बरोबर कालवली.

व्हिडिओत पहिल्या दोनच आहेत. लोकांना त्याही फार आवडल्या.