नदीपलीकडचं मत

विलास गेल्याची बातमी आमच्या घरी ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, त्या ग्रुपवर विलास नव्हता. तो त्यात नसावा म्हणूनच तो ग्रुप काढलेला होता. मी त्यातून लगेच बाहेर पडलो होतो. बायको मात्र मुलांच्या मराठी शाळेच्या निरोपांपुरती आत राहिली होती. सकाळी डबे भरता भरता तिनं फोन पाहिला आणि माझ्यापुढे धरला. ‘आपल्या सर्वांचे लाडके विलासभाऊ...’ अशी सुरुवात. खाली जोडलेल्या हातांची रांग, फुलं, पणत्या. मी तो फोन भिंतीवर आपटणार होतो... बायकोनं वेळीच काढून घेतला.

तो लेकीकडे, दूर ब्रॉसार्डला गेला होता. नाश्ता करून सोफ्यावर बसला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. बाबांच्या मित्रांना कळवायला हवं म्हणून रसिकानं, त्याच्या लेकीनं, त्याच्याच फोनमधून श्रीकांतला फोन लावला. श्रीकांत म्हणजे आमच्या इथल्या, कॅनडातल्या विंडसरच्या मराठी मंडळींचा पुढारी. बिचारीला काय माहीत? त्या लोकांनी आपल्याला टाकलंय, हे विलासनं पोरीला कधी सांगितलंच नव्हतं. आणि श्रीकांतनं तेवढ्याच तत्परतेनं ‘लाडके’ हा शब्द टाईप केला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. बायको म्हणते, राग निवळू दे, मग लिही. तो निवळत नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे.

विलास नागपूरचा. इथे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर होता, आणि आम्ही नवे आलो तेव्हा तो इथला जुना झालेला होता. मी पुण्याचा, म्हणून पहिल्या भेटीपासून मला नावानं हाक न मारता ‘पुणेकर’ म्हणायचा, ते शेवटपर्यंत. विंडसरला नदीकाठी उभं राहिलं की समोर डेट्रॉइटच्या इमारती दिसतात. रेडिओ तिकडचा लागतो, टीव्हीवर जाहिराती तिकडच्या येतात, कारखान्यातला माल पूल ओलांडून तिकडे जातो. त्यामुळे अमेरिकेची निवडणूक आली की ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते. मत कुणालाच नाही, पण मतं सगळ्यांना. विलासनं त्यातून एक रिवाज पाडला होता. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी दुपारी त्याच्या बेसमेंटमध्ये सगळ्यांनी जमायचं, त्यानं केलेला सावजी रस्सा नाकाडोळ्यांतून पाणी काढत खायचा, आणि मग प्रत्येकानं सांगायचं, आपल्याला मत असतं तर कुणाला दिलं असतं.

नुसतं या वेळचं नाही. नव्या माणसाला मागच्या निवडणुकांचाही हिशोब द्यावा लागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विलासनं मला सतरंजीच्या मधोमध बसवलं.

“ती मतमोजणीचा घोळ होऊन कोर्टात गेलेली निवडणूक आठवते? तुम्ही कुणाला दिलं असतं, पुणेकर?”

“अहो, मी तेव्हा कॉलेजात होतो, पुण्यात. मला कुठलं माहीत?”

“मग कॉलेजातल्या पोरानं कुणाला दिलं असतं ते सांगा न. सुटका नाही.”

आणि एक नियम होता, तो त्याचा स्वतःचा. आधी कारण सांगायचं, नाव मागून. “नाव आधी सांगितलं की समोरचा पुढचं ऐकतच नाही बे,” असं तो म्हणायचा. त्यामुळे त्या बेसमेंटमध्ये माणसं दहा-दहा मिनिटं नाव न घेता बोलायची. कोणी दवाखान्याच्या खर्चावर, कोणी युद्धावर, कोणी व्हिसावर. एकानं तर फक्त उमेदवार बायकोशी कसा बोलतो एवढ्यावर सगळं ठरवलं होतं. बाकीचे अंदाज बांधत, चुकत, आणि नाव बाहेर पडलं की एकच गलका होई. “अरे, एवढं सगळं बोललास ते त्याच्यासाठी?” असं म्हणून त्याला पाणी आणून देत.

एकदा विलासची आई नागपूरहून आली होती. अमेरिकेतल्या एका पक्षाचं चिन्ह हत्ती आणि दुसऱ्याचं गाढव, एवढं कोणीतरी तिला समजावलं. तिचा निकाल लगेच लागला. “हत्ती हाये न? मंग विचारायचं काय त्यात? आपण जन्मभर हत्तीवरच शिक्का मारला.” विलास म्हणाला, “माय, हा हत्ती वेगळा हाये.” तर ती म्हणे, “हत्ती कसा वेगळा राहते रे?” आम्ही पोट धरून हसलो. पण विलासनं तिचं मत धरलं. तिनं कारण आधी सांगितलं, नाव तर घेतलंच नाही, नियम पाळला, म्हणाला. तिच्याशी त्यानं त्या दुपारी किती वेळ वाद घातला, गुलामगिरी कुणी संपवली होती इथून सुरू करून... आणि आमच्यातले निम्मे लोक ते ऐकत पहिल्यांदाच काहीतरी शिकत होते.

तो स्वतः कोणत्याच पक्षाचा नव्हता. त्याची मागची मतं बदलत राहायची, आणि त्यावरून त्याची भरपूर टिंगल होई. अमुक निवडणुकीत मी याला दिलं असतं असं एका वेळी सांगायचा आणि पुढच्या खेपेला तेच मत काढून दुसऱ्याला द्यायचा. “हारल्यावर आपल्या माणसांना ज्यानं जिंकणाऱ्यावर ओरडू दिलं नाही, त्याले मी मत दिलं नव्हतं, चुकलंच माझं,” असं एका म्हाताऱ्या उमेदवाराबद्दल फार हळहळून म्हणाला होता. झालेल्या निवडणुकीतलं, नसलेलं मत बदलून काय मिळतं, मी विचारलं. तर म्हणाला, “माझं मन साफ होते न.” श्रीकांत त्याला ‘तळ्यात मळ्यात’ म्हणायचा आणि विलास सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

आता ती शेवटची खेप. त्या रविवारी नेहमीचे सगळे होते. विलासची पाळी आली आणि तो बोलायला लागला. कारखान्यात पलीकडून येणाऱ्या कामगारांबद्दल बोलला, त्यांच्या घरात काय चाललंय त्याबद्दल, पुलावर अडकणाऱ्या ट्रकांबद्दल, भीतीबद्दल. इतकं चांगलं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. माणसं माना डोलावत होती. श्रीकांत दोनदा “अगदी बरोबर” म्हणाला. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मग विलासनं नाव सांगितलं.

कुणाचं, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की वाचणाऱ्यांतले निम्मे जण लेख तिथेच मिटतील आणि उरलेले निम्मे विलासला डोक्यावर घेतील. माझा राग नेमका याच सवयीवर आहे. एवढं सांगतो की मला ते पटलं नव्हतं. आजही पटत नाही. मी तसं त्याला तिथंच तोंडावर सांगितलं, त्यानंही मला चार शब्द सुनावले आणि वर रस्सा वाढला.

बाकीच्यांचे चेहरे मात्र पडले. श्रीकांतनं ताटली खाली ठेवली. “विलास, मस्करी करतोयस ना?”

“नाही न.”

“मग सॉरी, पण आय कान्ट सिट हिअर. हा साधा डिफरन्स नाहीये. हे व्हॅल्यूजचं आहे.”

श्रीकांतचा मुलगा जिन्यात उभा होता, तोही म्हणाला, “अंकल, दॅट्स नॉट ओके.” एकेक जण उठला. कोट, बूट, मुलांच्या टोप्या. ज्या कारणांवर टाळी वाजवली होती, ती कारणं त्याच खोलीत होती. बदललं काय होतं? एक नाव. आणि तेही अशा देशातल्या माणसाचं, जिथे यांच्यातल्या एकालाही साधा नगरसेवक निवडता येत नाही! शोभावहिनी, विलासची बायको, हातात भाताचं पातेलं घेऊन उभ्याच राहिल्या. “अहो, जेवून तरी जा,” म्हणाल्या. कोणी वळून बघितलं नाही.

त्यानंतर त्याला कोणी काही बोललं नाही. आमच्यातली सुशिक्षित माणसं भांडत नाहीत. जुन्या ग्रुपमधून त्याला काढलंही नाही, कारण ते वाईट दिसलं असतं. त्याला वगळून नवा ग्रुप काढला, झालं. गणपती तिथे, वाढदिवस तिथे, पॉटलकची जेवणं तिथे. जुन्या ग्रुपवर विलास एकटा लिहीत राहिला. ‘उद्या फ्रीझिंग रेन आहे, गाड्या आत घ्या.’ ‘विंटर टायर्स बदलून देतो, जॅक माझ्याकडे आहे.’ ‘शोभानं तिळाच्या वड्या केल्या आहेत, घेऊन जा.’ मी उत्तर द्यायचो. दुसरं कोणीही नाही. टायर मात्र बाहेर दुकानात पैसे देऊन बदलले सगळ्यांनी, आधी वर्षानुवर्षं त्याच्या ड्राइव्हवेत फुकट बदलून घेतले होते ते विसरून.

त्याला कळलं नव्हतं असं नाही. एकदा गाडीत माझ्या शेजारी बसून तो म्हणाला, “आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावानं बहिष्कार टाकला होता. पण निदान दवंडी पिटली होती बे. सांगून टाकला होता.” मी शिव्या दिल्या, श्रीकांतला, सगळ्यांना. तर तोच मला गप्प करायला लागला. चांगली माणसं आहेत, म्हणाला, येतील.

मग इथली, कॅनडाची निवडणूक आली. आमच्या सबडिव्हिजनचं, म्हणजे वस्तीचं, मतदान घराजवळच्या शाळेच्या जिममध्ये असतं. विलासनं तिथल्या टेबलावर बसण्याच्या कामासाठी अप्लाय केलं आणि त्याला ते मिळालं. काम सोपं. येणाऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता विचारायचा, ओळखपत्र बघायचं, मतपत्रिका द्यायची. राजकारणाचा शब्द काढायला बंदी. मी ऑफिसातून परस्पर तिकडे गेलो. बास्केटबॉलच्या जाळीखाली, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून तो बसला होता. माझी पाळी आली तर मलाही त्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “युअर नेम, प्लीज?” मी मत देऊन बाहेर थांबलो. जेवायची सुट्टी मिळाली तसा तो डबा घेऊन आला.

“कोण कोण आलं होतं?” मी विचारलं.

“तू.”

“आणि आपल्यातलं?”

“तूच.” त्यानं डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला. “मले त्यांच्याशी काही बोलायचं नव्हतं रे. नुसतं नाव विचारायचं होतं. नाव तर सांगावंच लागलं असतं न...”

मी पायऱ्यांवर उभा राहून हे ऐकत होतो आणि समोर श्रीकांतच्या घराचं छप्पर दिसत होतं. चालत पाच मिनिटं. ते मतदान संपेपर्यंत विलासच्या टेबलावर त्यांच्यातलं कोणीही आलं नाही. त्याला टाळायचं म्हणून आले नाहीत म्हणावं, तर तसंही नाही. पुढे मी श्रीकांतला ग्रोसरीत गाठून विचारलंच. विलास तिथे बसतो हे त्याच्या गावीही नव्हतं. “अरे, त्या दिवशी मीटिंग्ज होत्या. आणि इथे कोणीही आलं तरी काय फरक पडतो?” असं म्हणाला, कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता. जिथे मत नाही तिथल्या मतासाठी यांनी एक माणूस टाकून दिला, आणि जिथे मत आहे तिथे यांना मीटिंग होती! मी तिथे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. विलासला मी यातलं काही सांगितलं नाही.

शोकसभा त्याच शाळेच्या जिममध्ये झाली. विंडसरमध्ये रविवारी स्वस्तात तेवढाच हॉल मिळतो. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. “आमच्यात मतभेद होते, पण मनभेद कधीच नव्हते,” असं श्रीकांत माईकवर म्हणाला. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. शोभावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर त्यांना आणखी एकदा सगळे उठून जाताना बघावं लागलं असतं.

पण ते सगळं नंतर. त्याआधी, दारात, रसिका उभी होती. पांढरा ड्रेस, रडून सुजलेले डोळे. ती विंडसर सोडून गेली त्याला खूप वर्षं झाली, बरेचसे चेहरे तिच्या ओळखीचे नव्हते. बाबांसाठी कोण कोण आलं हे आईला सांगायचं म्हणून ती प्रत्येकाला तिच्या मोडक्या मराठीत विचारत होती, “तुमचं नाव सांगाल, प्लीज?”

सगळे आले होते. एकही घर राहिलं नव्हतं. नव्या ग्रुपवरचे सगळेच्या सगळे, बूट काढून, ओळीनं. प्रत्येक जण तिच्यासमोर थांबत होता आणि हळू आवाजात, आडनावासकट, आपलं नाव सांगत होता.