शेनारोने अडवलेला लिलाव

डोंगरातल्या कास्त्रोवेलच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचं काम शेनारो तरुणपणापासून करत आला होता. आवाज असा खणखणीत, की चौकात तांब्याच्या हंड्यात ऑक्टोपस उकळून विकणाऱ्या बायांना कुठल्या वासराला काय भाव आला ते जागच्या जागी कळायचं.

बाजार गुरुवारचा. गाड्यांतून उतरवलेली जनावरं आधी लोखंडी कठड्यांत बांधायची, मग एकेक करून मधल्या रिंगणात, काट्यावर आणायची. पाटीवर वजन उमटलं की शेनारो ओट्यावरून किलोचा भाव पुकारायला लागे. पायऱ्यांवर बसलेल्या व्यापाऱ्यांपैकी कुणी बोट हलवी, कुणी नुसती भुवई. हातोडा पडला की घेणाऱ्याच्या रंगाचा पट्टा जनावराच्या पाठीवर ओढला जाई आणि ते पलीकडच्या दाराने बाहेर. भाव पटला नाही तर मालकाने नकाराची मान हलवायची आणि जनावर परत न्यायचं.

एकेकाळी त्या पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नसे. पण डोंगरातली गावं ओस पडत गेली, गोठे रिकामे झाले, आणि शेवटी चार व्यापारी उरले. बाल्तासार त्यांचा म्होरक्या. कोणी कुठलं जनावर घ्यायचं हे चौघे सकाळीच बारमध्ये कॉफीत दारू ओतता ओतता ठरवून टाकत. मग रिंगणात एकाने बोट हलवलं की बाकीचे छताकडे बघत बसत. शेनारोला हे ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या नोव्हेंबरात ओबदूलिया आपल्या सगळ्या गायी घेऊन आली. नवरा गेल्यावर तिने एकटीने राखलेल्या तांबूस गायी होत्या त्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला चारा ओढणं जमत नव्हतं. काठी टेकत ती कठड्यापाशी उभी राहिली.

"शेनारो, पहिलीला जरा हळू आत घ्यायला सांग रे. लोखंड आपटलं की घाबरते ती."

"सांगतो, काकू."

गाय हळूच आत आली. शेनारोने भाव पुकारला. बाल्तासारने बोट हलवलं. बाकीचे तिघे छत न्याहाळू लागले. भाव भाकड, हाडं निघालेल्या जनावराचा होता. शेनारोने पुन्हा पुकारलं, मग आणखी एकदा. हातोडा उचलला आणि तसाच बाजूला ठेवून दिला.

"या भावाला मी देत नाही."

"गाय तुझी आहे का?" बाल्तासारने विचारलं.

"नाही. पण लिलाव तुम्ही सकाळी बारमध्येच उरकून आलात. मग मी इथे घसा कशाला फोडू?"

बाल्तासारने सावकाश टोपी चढवली. "चला रे. साहेबांचा घसा दुखतोय."

चौघे उठून गेले. त्यांच्या गाड्या रिकाम्याच घाट उतरल्या. मागे कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शेनारोच्या हातात वाइनचा पेला दिला. थोडा वेळ त्याला फार बरं वाटलं. मग एक शेतकरी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "ते झालं. पण आता आमची वासरं कोण घेणार?"

पुढच्या गुरुवारी चौघांपैकी एकही फिरकला नाही. शेनारोने किनाऱ्याकडच्या व्यापाऱ्यांना फोन लावले. एक जण आला, कठड्यांतली मोजकी जनावरं बघून म्हणाला, "एवढ्यासाठी कोण डोंगर चढणार?" आणि निघून गेला. इकडे बाल्तासार गाडी घेऊन घरोघर फिरू लागला. तिथे ना काटा, ना पुकारा. नजरेने वजन ठरवायचा आणि जनावर चढवायचा. लोक देत गेले.

हिवाळ्यात शेनारो ओबदूलियाकडे गेला, तेव्हा गोठा झाडून ठेवलेला होता.

"थोडं थांबायचं होतंत, काकू."

"कशाच्या जिवावर थांबू? गवत संपलं होतं. बाल्तासार दारात आला, चढवायला माणसंही त्यानेच आणली."

"भाव?"

"तू अडवलास त्याहून कमी." तिने चुलीवरून सलगमच्या पाल्याचं गरम सूप वाढून वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "राग नाही माझा. पण त्या दिवशी मला विचारायला हवं होतंस. मान हलवायची होती तर मी हलवली असती."

सूप निवत गेलं.

वसंतात नगरपालिकेने बाजार बंद केला. काटा उचलून नेला, कठडे भंगारात गेले. काही दिवसांनी बाल्तासार शेनारोच्या दारात आला. वरच्या वाड्यांतली म्हातारी माणसं मला दार उघडत नाहीत, पण तुला उघडतील, तेव्हा माझ्याबरोबर चल, असं त्याने सरळ सांगून टाकलं. शेनारोने त्याला बसायलाही सांगितलं नाही. शेनारोची बायको एर्मितास आतून ऐकत होती. बाल्तासार गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग आता काय करणार आहेस?"

उन्हाळ्यात शेनारो बाल्तासारच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसू लागला.

एका वाडीत एक म्हातारा आपल्या शेवटच्या दोन गायींच्या मधे उभा होता. बाल्तासारने भाव सांगितला. म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शेनारो, तू सांग. देऊ का?"

"याहून जास्त कुणी देणार नाही," शेनारो म्हणाला. ते खरं होतं.

म्हाताऱ्याने दावी सोडून शेनारोच्या हातात दिली. शेनारोने गायींना फळीवरून वर नेलं, गाडीचं दार लावलं आणि कडी घातली.