बाबांच्या स्कूटरमागे

भिलाईत सेक्टर ६ च्या आमच्या क्वार्टरमध्ये सायकलिंगचा कोच नव्हता, बाबांची स्कूटर होती. स्टील प्लांटमधली नाइट शिफ्ट संपवून ते यायचे, उभ्याउभ्या चहा प्यायचे आणि मला घेऊन भिलाई-3 च्या रस्त्याला लागायचे. पुढे स्कूटर, तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून माझी सायकल. वारा ते अंगावर घ्यायचे, म्हणून एकटीला न झेपणारा वेग माझ्या पायांत मुरत गेला.

ते कधीच मागे बघायचे नाहीत. "मांगं पाह्यलं का हात ढिला पडते. तू आवाज दे, मी आयकून राहिलो." मी "हळू" म्हटलं की स्कूटर हळू व्हायची.

या शिकवणीवर मी राज्याच्या शर्यती जिंकले. मग पुण्याच्या एका टीमने मला पगारावर घेतलं. सायकल चालवायचा पगार! बाबांनी अख्ख्या शिफ्टला जिलेबी खाऊ घातली.

भारताच्या संघाची निवड जवळ आली, तेव्हा तयारीसाठी मी घरी आले. बाबा टीव्ही फार मोठ्या आवाजात लावायचे. "मोहल्ल्याले आयकवता का?" आई म्हणायची, आणि आम्ही हसायचो.

एका सकाळी स्कूटरमागे जाताना माझ्या मांडीत गोळा आला. "हळू," मी ओरडले. वेग तोच. आत्ता कमी करतील, आत्ता करतील, म्हणत मी ताणत राहिले. पाय आखडला आणि मी रस्त्यावर आपटले. स्कूटर पुढे जातच राहिली. ते थेट भिलाई-3 ला पोचले, मी मागे आहे असं समजून.

खुबा मोडला. टीमने करार वाढवला नाही. संपलं.

मला त्यांचा भयंकर राग आला होता. डॉक्टरांनी त्यांचे कान तपासल्यावर कळलं, बरंचसं ऐकू येणं केव्हाच गेलं होतं.

"तू पुण्याले गेली तवापासून कमी होऊन राहिलं," ते म्हणाले.

"मंग कावून नाही सांगतलं, बाबा?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं विचारलं.

"स्कूटर सुटली असती, त सुट्टीत तू घरी कायले आली असती?"

मी रडले.

स्कूटर त्यांनी विकून टाकली. आता संध्याकाळी आम्ही बाजारात पायी जातो. मी लंगडते, त्यामुळे ते थोडे पुढे असतात आणि पावलोपावली वळून बघतात. येणारे-जाणारे बघत राहतात, मला लाज वाटते. "आहे ना मी, बाबा," मी ओरडते. त्यांना ते ऐकू येत नाही, म्हणून ते पुन्हा मागे वळतात.