आक्कांची तोटी

आक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी तिथली पाण्याची तोटी उघडून बघायच्या. कोपराने, मग नुसत्या करंगळीने. जमलं नाही की चेहरा असा पाडायच्या, की घरच्या बाईला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

कागलच्या एमआयडीसीत आमचा तोट्यांचा कारखाना. चहाची पिंपं, ताकाच्या टाक्या, सरबताची यंत्रं, सगळ्यांना आमच्या तोट्या. आक्का त्यांचं डिझाइन करायच्या, मी त्या विकायचो. गडहिंग्लजच्या आणि वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या आक्का. गिऱ्हाईक आलं की त्याच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळायच्या, तळव्याला साबण चोळायच्या आणि म्हणायच्या, "हं, उघडा आता, पावणं." पुण्याचे एक साहेब तसेच साबणाचे हात घेऊन गाडीत जाऊन बसले. ऑर्डर गेली. मी चिडलो, तर म्हणाल्या, "पिणाऱ्यानं तोटीकडं बघायलाच न्हाय पायजे. बघावं लागलं, म्हंजे आपलं चुकलं."

हा हट्ट घरातून आला होता. त्यांच्या वडिलांना, आप्पांना, कंपवात. आक्का दिवसभर कारखान्यात. शेजारीण जेवण वाढून जायची, पण तिच्याकडे पाणी मागणं आप्पांना जमेना. "आल्यागेल्याला पाणी देणारा माणूस मी. मी मागू व्हय?" असं म्हणून तहानलेले बसून राहायचे. त्यापायी एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी आक्कांना स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर निभावणार नाही.

मग त्यांनी आप्पांसाठी तोटी केली. फिरवायची भानगडच नाही. भांड्याच्या काठाने मागचा दांडा रेटला की पाणी, भांडं काढलं की बंद. कारखान्यात आम्ही सगळ्यांनी स्टीलच्या पेल्याने पाणी घेऊन पाहिलं आणि वाहवा केली. घरी पाण्याच्या टाकीला बसवली, तर आप्पांनी तांब्या पुढे केला. पेला हातातून निसटतो म्हणून ते कधीच तांब्यावर आले होते. तांब्याचं पोट आधी टाकीला टेकलं, काठ दांड्यापर्यंत पोचलाच नाही.

"सगळं मोजलं, आणि घरातला तांब्या इसरले की ओ मी! रोज घासतीया त्यो." सांगताना हसत होत्या. मग कागद घेऊन टेबलाशी बसल्या. नवा दांडा त्यांनी खाली वाकवून घेतला, तांब्याच्या पोटाने दबेल असा, आणि स्प्रिंग मऊ केली.

ती तोटी बसवली आणि महिन्याभरात आक्का गेल्या. कारखान्यातच, टेबलाशी बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. फोन आला तेव्हा मी शिरोळला एका गिऱ्हाइकाकडे होतो. फोन ठेवला आणि राहिलेले दर सांगून संपवले. अजून मला रडू आलेलं नाही. त्यांच्या खुर्चीकडे रोज नजर जाते, काही होत नाही. माणूस आवडतं होतं, एवढं कळतं.

भेटायला गेलो तेव्हा आप्पा एकटेच होते. मी दारात चपला काढतोय तोवर खाटेवरून उठले. "ये की. उन्हातनं आलास." डोळे माझ्यावर ठेवूनच त्यांनी बाजूच्या टाकीला तांब्या रेटला. हात थरथरत होते. पाणी भरलं, थांबलं. दोन्ही हातांनी तांब्या माझ्यापुढे धरून म्हणाले, "घे. कालच्या पावण्यास्नी बी मीच दिलं."

मी तांब्या घेतला, पाणी प्यालो. आप्पांनी तोटीकडे एकदाही बघितलं नव्हतं. हे उद्या कारखान्यात गेल्या गेल्या आक्कांना सांगायचं, असं माझ्या मनात आलं.