थोरल्याने भाव बोलायचा

आमच्या आजोबांनी सुरगाण्याच्या रानात ज्या रायफलीने वाघ मारला, ती रायफल आमच्या घरात होती. वाघ बारा फुटांचा. शेपूट वेगळी. ही गोष्ट मी सायखेड्याच्या पारावर इतक्यांदा सांगितली आहे, की गोदावरीतल्या माशांनासुद्धा ती पाठ असावी. पण त्या रायफलीची रास्त किंमत काढायची वेळ आली आणि मी पार जेरीस आलो.

वडील गेल्यावर रायफल नाशिकच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा करावी लागली. परवाना एकाच वारसाच्या नावावर होणार, बाकीच्यांनी हरकत नसल्याचं लिहून द्यायचं. आई म्हणाली, "मला काय करायची बंदूक?" उरलो आम्ही दोघे भाऊ. मी शेती बघणारा, धाकटा ओझरला विमानांच्या कारखान्यात. रायफल दोघांनाही हवी.

आईने घरची रीत काढली. "थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. तू भाव बोल. त्याला पटलं तर तो रायफल घेईल अन् तुला निम्मे पैसे देईल. नाय पटलं तर रायफल तुझी, निम्मे पैसे त्याला."

म्हातारीने मला बरोब्बर कोंडीत धरलं. कमी बोललो तर रायफल ओझरला. जास्त बोललो तर माझी सगळी द्राक्षबाग ओझरला! म्हणून खरा भाव शोधायला निघालो.

दुकानदाराने रायफल काउंटरवर आडवी केली आणि जांभई दिली. "काका, हिची काडतुसं आता मिळत नाहीत. घेणाऱ्याकडे परवाना पाहिजे. वीस हजार आले तरी गंगेत घोडं न्हालं समजा."

"अहो, हिने वाघ मारलाय! बारा फुटांचा!"

"मग वाघालाच विचारा भाव."

तिथून तणतणत गंगापूर रोडवरच्या एका जुन्या वस्तूंच्या शौकिनाकडे गेलो. मोबाइलमधले रायफलीचे फोटो बघून त्यांचे डोळे चमकले. "शिकारीचा पुरावा असेल तर दोन लाखही देणारा भेटेल. वाघाबरोबरचा फोटो? कातडं?"

"कातडं उंदरांनी खाल्लं."

"बारा फुटांचं?"

"उंदीरही तसेच होते."

त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. एक वीस हजार म्हणतो, दुसरा दोन लाख. मधल्या दरीत अख्खा सप्तशृंगीचा डोंगर मावेल! भाव असा काढतात होय? आठवडाभर मी बायकोवर, बैलावर आणि पंख्यावर खेकसत होतो.

शेवटी एक शक्कल सुचली. रविवारी धाकटा जेवायला आला. त्याच्या ताटात भरीत पडताच मी म्हणालो, "चाळीस हजार. आई, ऐकलंस ना?" आणि लगेच सुरू झालो. "तशी तिच्या लाकडाला वाळवी लागलीये. नळी गंजलीये. धक्का असा मारते, की आजोबांचा खांदा मरेपर्यंत वाकडा होता. शिवाय लाभत नाही रे ती घराला."

तो शांतपणे भाकरी मोडत होता. "अन् वाघ?"

"कसला वाघ? मांजर असेल एखादं!"

पाणी पिऊन त्याने मिशी पुसली. "मग असली अवदसा तुझ्या गळ्यात कशाला, दादा? मी घेतो."

"उचललं त्यानं," आई म्हणाली. "आता वाढू का भात?"

वीस हजार त्याने दुसऱ्याच दिवशी पाठवले. मेल्याने एका रुपयाची घासाघीस केली नाही, त्यानेच जास्त जळलो.

परवाना त्याच्या नावावर झाला. या दसऱ्याला ओझरला गेलो, तर रायफल पाटावर, झेंडूची माळ घालून, तेलपाण्याने नवरीसारखी चमकतेय. कॉलनीतली माणसं सोनं द्यायला आली होती. एका शेजाऱ्याने विचारलं, "काय हो, हिने काही मारलंय की नुसतीच शोभेची?"

माझ्या तोंडात श्रीखंडपुरीचा मोठा घास. तेवढ्यात धाकटा माझ्याकडे बघत म्हणाला, "मांजर मारलंय म्हणे एक. आमच्या दादानंच सांगितलंय."

खोलीभर हशा. मी घास तसाच गिळला आणि ओरडलो,

"बारा फुटांचं!"