बोंडावरचा काळा टिक्का

रहेमतुल्लाभाई, तुमच्याबद्दल लिहितेय म्हटल्यावर तुम्ही आधी विचाराल, "बाई, बोंडाचं लिहिलं का?" तेच लिहितेय. दम धरा आणि मध्ये बोलू नका.

डोणगावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा रहेमतुल्ला स्वतःला पेंटर नव्हे, आर्टिस्ट म्हणवायचा. बीटी बियाण्यांच्या जाहिरातींनी त्याला भिंती पुष्कळ दिल्या, पण उकंडराव बियाणेवाल्याची भिंत म्हणजे त्याच्या जन्माची कमाई. तिच्यावर त्याने कापसाचं एकच हिरवं बोंड काढलं. भोपळ्याएवढं, फुटायच्या बेतातलं, चिरेतून कापूस डोकावणारं. काढून झालं आणि तो स्वतःच घाबरला. इतकं देखणं बोंड, दृष्ट लागायची! बाळाच्या गालाला लावतात तसा त्याने अंगठ्याने एक काळा टिक्का लावून दिला.

नेमकी त्याच वर्षी बीटीवर गुलाबी बोंडअळी उतरली. टिक्का अळीनं पाडलेल्या छिद्रासारखा दिसे. लोक म्हणू लागले, "घ्या, भिंतीवर बी अळी आली!"

उकंडराव भडकला. "अबे रहेमत, मी बियाणं विकतो का अळी? चुना मार भिंतीले!"

रहेमतुल्ला धावत गेला माणिकरावांकडे. हे मेहकरच्या कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, "सौंदर्य पाहायचं तर नफातोटा बाजूला ठेवावा लागतो. ज्याला अळी दिसते, तो चित्र पाहतच नाही."

"मंग हे उकंडरावले सांगा ना, सर."

सरांनी सांगितलं. उकंडराव म्हणाला, "नफातोटा बाजूले ठेवला, तर दुकान कायले उघडू?"

सरांची भाची समीक्षा तेव्हा नागपूरहून आलेली. चित्र पाहताना माणसाचे डोळे काय करतात, यावर तिचं संशोधन. "मामा, तुम्ही पुस्तकातून सांगता. मी मोजून पाहते." तिने दुकानातच लॅपटॉप मांडला. भिंतीचे दोन फोटो, एक टिक्क्याचा, एक टिक्का पुसलेला. डोळे कुठे फिरतात ते टिपायला एक छोटा कॅमेरा. गिऱ्हाइकं एकेक करून बसली. बिनटिक्क्याच्या बोंडावरून नजर लगेच उडायची, टिक्क्याच्या बोंडावरून हलायचं नाव नाही. चांगलं कोणतं, तर म्हणे, "टिक्केवालं. दुसरं कॅलेंडरातलं वाटते."

शेवटी माणिकराव उपरणं सावरून बसले. "मी निरपेक्ष पाहतो." सगळ्यांत जास्त वेळ टिक्क्याला चिकटली ती त्यांचीच नजर.

"मामा, यंदा तुमचीही कपाशीची पऱ्हाटी आहे ना शेतात?"

"यंत्र बिघडलंय," असं म्हणून सर उठले.

लोक थांबून पाहतात एवढंच उकंडरावाने ऐकलं. "राहू दे मंग भिंत!"

रहेमतुल्लाने सगळ्यांना चहा पाजला. मग हळूच समीक्षाजवळ सरकला. "बेटा, आन् बोंड? डाव्या बाजूची सावली? त्यातच तर जीव ओतला म्या."

तिने पडद्यावर पाहिलं. "तिथे नजर फारशी थांबत नाही, चाचा. सगळी टिक्क्यावरच."

"म्हंजे माह्यं बोंड कोणी पाह्यलंच नाही?"

"पण टिक्का लावतात तो नजर ओढून घ्यायलाच ना?"

"हाव, पण वाईट नजर! चांगल्या नजरेनं तं बोंड पाहावं ना, माय!"

आणि दुसऱ्या दिवशी, रहेमतुल्लाभाई, तुम्ही माझ्या फाटकाशी हजर. "बाई, मलकापूरले चालल्या ना? पोपटी हिरव्याचा लहान डबा आणजा. इथं तो रंग भेटत नाही. टिक्का मिटवून टाकतो."

"अहो, मग भिंतीसमोर कुत्रंही थांबणार नाही."

"जो थांबन, तो बोंडासाठी थांबन."

मी हो म्हटलं. जाताना मुद्दाम भिंतीपाशी थांबले, टिक्क्यावर हात धरून बोंड पाहिलं. डाव्या बाजूची सावली खरोखर सुरेख उतरली आहे. हात काढला आणि माझेही डोळे गेले टिक्क्यावर. नंतर मलकापूरला कितीदा तरी गेले. तुम्ही पुन्हा मागितला नाहीत, आणि डबा काही मी आणला नाही.