खुन्याचं नाव खोडणाऱ्या राधाबाई

राधाबाई, तुमच्यावर लिहायला बसले आहे. तुम्हाला आवडणार नाही, पण मी परवानगी मागत नाहीये.

विश्रांतवाडीत एका गाळ्यात तुमची लायब्ररी. शेजारी सायबर कॅफे निघालं, पोरं तिकडे वळली, तरी तुमचं शटर रोज वर जायचं. रहस्यकथांना मागणी मोठी, आणि पुणेकरांची खोडही तेवढीच मोठी: वाचून झालं की कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिणार, ‘खुनी डॉक्टर आहे.’ परत आलेलं प्रत्येक पुस्तक तुम्ही खोडरबराने साफ करायचात. म्हणजे खुनी आधीच ठाऊक. तरी प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचायचात.

‘‘मग मजा काय उरली?’’ मी विचारलं.

‘‘माणसं उरतात की, मॅडम. खून झालेल्या घरात दुसऱ्या दिवशी चहा कोण टाकतं, ते बघते.’’

एकदा मी एक कादंबरी तुमच्या टेबलावर आपटली. ‘‘शेवटपर्यंत खुनी सापडतच नाही! उकल करायची नव्हती तर लिहिली कशाला?’’

तुम्ही पुस्तक सरळ केलंत. ‘‘आमच्या ह्यांचं तसंच झालं. कारखान्यातून सायकलवर येत होते. आळंदी रोडला गाडीने उडवलं. कुणाची गाडी, आजपर्यंत कळलं नाही.’’ आणि लगेच, ‘‘दुसरं कुठलं देऊ?’’

पुस्तकाने उकल दिलीच पाहिजे, हे माझं मत आजही कायम आहे. वाचकाचा तो हक्कच आहे. पण तुमचे यजमान भीमराव गेल्यावर, काही न कळता, तुम्ही रोज ते शटर वर करत होतात. मी बघत राहिले. एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की मी काय चीज आहे, ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

मग मीच टुमणं लावलं: चौकीत जाऊन विचारू, तपासाचं काय झालं. मंगळवारी तुम्ही इस्त्रीची पांढरी साडी नेसून, गाळ्याला कुलूप लावून उभ्या होतात. मी रिक्षा थांबवली. तेवढ्यात कॉम्प्युटर क्लासची एक मुलगी धावत आली.

‘‘काकू, बंद? बघा ना, ह्यात मागच्या पानावरपण खुन्याचं नाव लिहिलंय कुणीतरी! दुसरं द्या.’’

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ‘‘पाचच मिनिटं हं, मॅडम.’’

शटर वर गेलं. रिक्षावाला कुरकुरला, त्याला मी घालवून दिलं. तुम्ही चष्मा लावून खोडरबर शोधत होतात.

पुढच्या मंगळवारी जायचं ठरलं. ते अजून ठरलेलंच आहे.